म्हापशातील लॅपटॉप दुरुस्ती: आधी निदान, मग खर्च

माझ्या जुन्या गेमिंग लॅपटॉपचा पडदा खेळ रंगात आला की काळा पडे आणि ‘डिस्प्ले ड्रायव्हरने प्रतिसाद देणे थांबवले’ असा संदेश येई. म्हापसा बाजारालगतच्या एका लहान दुकानातील तंत्रज्ञांनी लगेच मदरबोर्ड (लॅपटॉपचा मुख्य सर्किट बोर्ड) बदलण्याची भाषा केली नाही, हे मला सर्वांत मोलाचे वाटते. पडद्यावरचे चित्र तयार करणाऱ्या ग्राफिक्स चिपने साधारण २ सेकंदांत प्रतिसाद दिला नाही, तर विंडोज तिचा ड्रायव्हर, म्हणजे ती चिप चालवणारे सॉफ्टवेअर, पुन्हा सुरू करते. म्हणून हा संदेश केवळ लक्षण आहे, मूळ कारण निराळे असू शकते, असे त्यांनी शांतपणे समजावले. सेफ मोडमध्ये (केवळ आवश्यक गोष्टींसह विंडोज सुरू करून) जुना ड्रायव्हर पूर्णपणे काढून लॅपटॉप उत्पादकाने दिलेला ड्रायव्हर त्यांनी बसवला आणि मग चिपवर भार देऊन तापमान पाहिले. ते ९० अंशांपलीकडे जात होते. पंख्यांच्या जाळीत ओलसर धूळ घट्ट बसली होती, थर्मल पेस्ट (चिपची उष्णता बाहेर नेण्यास मदत करणारा लेप) वाळली होती. गोव्याच्या दमट, खाऱ्या हवेत जुन्या यंत्रांची अशी सफाई नियमित व्हायलाच हवी. सफाई व नव्या पेस्टनंतर खेळ अखंड चालतो. दरही आधीच लेखी मिळाला. चतुर्थीच्या सुमारास मात्र तेथे गर्दी असते, त्यामुळे वेळ ठरवून जावे आणि डेटाची प्रत आधीच काढून ठेवावी.