अंगणातलं तळं आणि धबधबा: काम देण्याआधी माझा अनुभव वाचा

आमचं घर साताऱ्यात. मागे थोडं मोकळं अंगण आहे. २०२२ साली यजमानांना अर्धांगवायूचा झटका आला, तेव्हापासून ते दिवसभर मागच्या पडवीत खुर्चीवर बसून असतात. पाण्याचा आवाज कानावर पडला, चार मासे फिरताना दिसले तर त्यांचा जीव रमेल, एवढ्यासाठी तळं करायचं ठरवलं. हे आधी सांगते, कारण ज्याला तळ्याचं काम दिलं, त्या माणसानं नेमकं हेच हेरलं. पहिल्याच भेटीत तो यांच्या खुर्चीजवळ खाली बसला आणि म्हणाला, "काका, तुम्हाला इथे बसल्या जागी मासे दिसतील असंच करून देतो." माझा विश्वास तिथेच बसला. दुसरा कुणी बघायचा विचारही केला नाही.

ठरलं ते असं: ८ फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट खोल तळं, साडेचार फुटांचा धबधबा, पंप आणि बायोफिल्टर (जिवाणूंकडून पाणी साफ करून घेणारा फिल्टर). एकूण १ लाख १५ हजार, मासे वेगळे. बिल मागितलं तर म्हणाला, "काकू, पक्कं बिल केलं तर वर १८ टक्के जीएसटी. तुमचेच पैसे वाचवतोय." मी मान डोलावली आणि ७० हजार आगाऊ पाठवले. व्हॉट्सअ‍ॅपवर मापं लिहून पाठव, एवढं मात्र सांगितलं. तो एक मेसेज सोडला तर आज माझ्या हातात लेखी काहीच नसतं.

गेल्या एप्रिलमध्ये काम झालं, चार दिवसांत. मी जवळ गेले की "खडी उडते काकू, आत बसा" असं ऐकू यायचं. तळाला काय घातलं, दगडांमागे काय ठेवलं, हे मी पाहिलंच नाही. सिमेंट लिंपून वर दगड बसले, मग मला बोलावलं.

पाणी भरतानाच कळायला हवं होतं. आमची गच्चीवरची टाकी हजार लिटरची. ८ गुणिले ६ गुणिले ३ म्हणजे १४४ घनफूट, आणि एका घनफुटात साधारण २८ लिटर पाणी मावतं. म्हणजे चार टाक्या लागायला हव्या होत्या. तळं जेमतेम अडीच टाक्यांत भरलं. विचारलं तर "दगडांनी जागा खाल्ली" म्हणाला. महिन्याभरानंतर काठी बुडवून पाहिली, तर पाणी पावणेदोन फूट. बाहेरून कठडा उंच बांधून खोली दाखवली होती.

त्या दिवशी धबधबा मात्र असा कोसळला की शेजारच्या दोघी धावत बघायला आल्या. यांनी चांगला हात उचलून दाखवला. मी उरलेले ४५ हजार तिथल्या तिथे दिले. दुसऱ्या दिवशी सकाळी तो "सील बदलून आणतो" म्हणून पंप काढून घेऊन गेला आणि संध्याकाळी बसवून गेला. त्यानंतर दगडांवरून करंगळीएवढी धार यायला लागली. बसवलेला पंपच वेगळा होता. त्यावरच्या चिठ्ठीवर ताशी १५०० लिटर लिहिलेलं, पण तो आकडा पाणी अजिबात वर चढवायचं नसताना मिळतो. खाली लिहिलं होतं, जास्तीत जास्त उंची १.६ मीटर. आमचा धबधबा जवळजवळ १.४ मीटर. तिथपर्यंत पोचता पोचता पंपाचा जीव संपायचा. म्हणून पंप घेताना आपल्या उंचीला ताशी किती लिटर पडतं तेच विचारा, आणि पैसे देऊन झाल्यावर पंप बाहेर नेऊ देऊ नका.

मासे त्यानंच आणले, "जपानी कोई" जातीचे शोभेचे मासे म्हणून, नगाला ९०० रुपये, बारा मासे. नव्या सिमेंटच्या तळ्यात त्याच दिवशी सोडले. तिसऱ्या दिवशी चार मासे पाण्यावर उलटे झाले. उरलेले वर येऊन तोंड उघडत होते. हे खुर्चीतून बघत होते, आणि मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं. फोन केला तर १८०० रुपयांची औषधाची बाटली पाठवली आणि "पाणी बदलू नका" म्हणाला. आठवड्यात दहा गेले.

माशांच्या दुकानातला एक मुलगा आला, त्यानं पट्टी बुडवून पाहिली. पाण्याचा पीएच, म्हणजे पाणी आम्ल की अल्कधर्मी ते सांगणारा आकडा, नऊच्या वर. कच्च्या सिमेंटमधून चुना सुटतो, त्यामुळे तळं भरून, पाणी काढून, पुन्हा भरून असं दोन-तीन आठवडे करावं लागतं. शिवाय माशांच्या घाणीतून अमोनिया तयार होतो, तो पचवणारे जिवाणू फिल्टरमध्ये बसायलाच चार ते सहा आठवडे जातात, आणि पीएच चढलेला असला की तोच अमोनिया जास्त विषारी होतो. मग त्यानं जिवंत राहिलेला मासा हातात धरून तोंड दाखवलं. कोईला तोंडाशी मिशांच्या दोन जोड्या असतात. याला एकही नव्हती. साधे गोल्डफिश होते ते.

पाणी रोज रात्री तीन-चार बोटं उतरायचं. पंप चालू असताना उतरतं आणि बंद ठेवलं की थांबतं, तर गळती धबधब्यात. काठावर खडूची खूण करून रात्रभर पंप बंद ठेवला. तरी उतरलं. म्हणजे तळच गळत होता.

माझे धाकटे दीर माण तालुक्यात डाळिंब करतात, त्यांचं शेततळं आहे. ते आले आणि त्यांनी दगड उचलले. तळाचं प्लास्टिक चिमटीत धरून म्हणाले, "वहिनी, हा कागदच नाही. पावसाळ्यात छपरावर टाकायचं प्लास्टिक आहे." शेततळ्याला ५०० मायक्रॉनचा (अर्धा मिलिमीटर जाड), आयएस १५३५१ या भारतीय मानकाचा शिक्का असलेला प्लास्टिकचा कागद वापरतात, तो बोटानं फाटत नाही. हा फाटला.

मग धबधब्यामागचा निळा ड्रम, म्हणजे आमचा बायोफिल्टर. झाकण उघडलं. पाइप एका बाजूनं आत शिरून सरळ दुसऱ्या बाजूनं बाहेर गेला होता, मध्ये कापलेलाही नाही. ड्रम आतून कोरडा ठणठणीत. तळाशी स्पंजचा एक तुकडा, अजून पिशवीत बांधलेला, आणि त्यावर कोळ्यानं जाळं विणलेलं. याच फिल्टरचे २२ हजार सांगितले होते. पंपाची वायर तर पाण्यात नुसत्या चिकटपट्टीनं जोडलेली. मी रोज त्याच पाण्यात हात घालून पानं काढत होते. तळ्याची विजेची लाइन घेताना ईएलसीबी (वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच) बसवलाच पाहिजे आणि पाण्याखाली वायरला जोड नको, हे मी हात जोडून सांगते.

गल्लीतल्याच गवंड्याकडून पुन्हा काम करून घेतलं, ४८ हजार गेले. या वेळी खड्डा खणल्यावर मी टेप लावली, कागद अंथरल्यावर फोटो काढला, भरून दोन दिवस पाणी उतरत नाही हे बघितलं आणि मगच दगड लावू दिले. नळाचं पाणी आता दोन दिवस पिंपात ठेवून घालते. फिल्टरचा स्पंज नळाखाली न धरता तळ्याच्याच पाण्यात पिळते, नाहीतर क्लोरीननं जिवाणू मरतात.

त्याचा फोन आता लागत नाही. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर बोलले, मग जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दिली. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तिथे फी लागत नाही, फक्त दोन वर्षांच्या आत जावं लागतं. बिल नव्हतं, पण यूपीआयच्या नोंदी आणि "३ फूट खोल, बायोफिल्टरसह" हा त्याचा मेसेज जोडला आहे. जुना ड्रम फेकलेला नाही. पाइप, झाकण, पिशवीतला स्पंज, सगळं होतं तसं माळ्यावर ठेवलं आहे.