सांगलीहून पुण्याला नाटकं बघताना : आठ महिन्यांचा तिकिटांचा अनुभव

आठ महिन्यांत पुण्याला जाऊन सहा नाटकं बघितली. तिकिटं ॲपवरून काढली, नाट्यगृहाच्या खिडकीवरून घेतली, फोनवर ठेवायला सांगितली आणि एकदा अनोळखी माणसाकडून विकत घेतली. त्या एका वेळेचंच आधी सांगतो.

प्रयोग हाऊसफुल्ल होता. एका व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, 'घरी अडचण आली आहे, तीन तिकिटं आहे त्या दरात द्यायची आहेत.' फोन केला, माणूस नीट बोलला. मी 1200 रुपये पाठवले, त्याने क्यूआर कोडचा स्क्रीनशॉट पाठवला. आईला घेऊन मी आणि बायको कोयना एक्स्प्रेसने पुण्याला गेलो. दारावरच्या काकांनी मोबाइल स्कॅन केला, थांबले, पुन्हा केला. म्हणाले, "साहेब, या तिन्ही सीटवर माणसं बसलीत आत." तिकिटं खरीच होती. त्याने तीच आणखी कुणाला विकली होती आणि ते आमच्या आधी पोचले. तिसरी घंटा झाली, दार लागलं. आई गुडघे धरून पायरीवर बसली आणि आतला पहिला हशा आम्ही तिघांनी बाहेरून ऐकला.

एका कोडवर दारात एकदाच सोडतात, पण त्याचा स्क्रीनशॉट कितीही जणांना पाठवता येतो. ओळखीचा माणूस असल्याशिवाय असं तिकीट घेऊ नका. 1930 या सायबर हेल्पलाइनला मी दुसऱ्या दिवशी फोन केला, तो त्याच तासाला करायला हवा होता. जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे अडवायची शक्यता जास्त. माझे परत आले नाहीत.

आता ॲपचं. सांगलीत बसून स्वतः सीट निवडता येते, ही सोय मोठी आहे. फक्त सुविधा शुल्क किती लागणार ते पैसे भरायच्या शेवटच्या पानावर कळतं, आणि त्यावर 18 टक्के जीएसटी वेगळा. नाटकाचं 500 रुपयांपर्यंतचं तिकीट मात्र जीएसटीतून मुक्त आहे, त्यावर गेलं की कर लागतो. बऱ्याच नाटकांचा वरचा दर 500 ला थांबलेला दिसतो तो बहुधा त्यामुळेच. तेव्हा 400 च्या तिकिटावर कुणी 'टॅक्स' म्हणून जास्त मागितले तर कशावरचा टॅक्स, हे जरूर विचारा.

सगळ्यात स्वस्त पडली ती खिडकी. माझा मामेभाऊ कोथरूडला राहतो. तिथल्या यशवंतराव चव्हाण नाट्यगृहावर प्लॅन लागला, म्हणजे तिकीटविक्री सुरू झाली, की तो सकाळी जाऊन तिकिटं काढून ठेवतो. वर एक रुपया जात नाही, शिवाय खिडकीवरच्या माणसाला विचारता येतं. आई बरोबर आहे म्हटल्यावर त्यांनी तक्त्यावर बोट ठेवून सांगितलं, "मधली नका घेऊ, ही कडेची घ्या, पाय सोडता येतील." आमच्यासाठी ते फार मोलाचं ठरलं. बाल्कनी 200-300 मध्ये मिळते आणि आम्ही दोघंच असलो की तीच घेतो, पण जिने आहेत आणि चेहऱ्यावरचं बारीक काही दिसत नाही. दोन-तीन पात्रांचं, बोलण्यावर चालणारं नाटक असेल तर शंभर रुपये जास्त घालून खालची सीट घ्यावी असं माझं स्पष्ट मत आहे.

पुण्यात कुणी नसेल तर वर्तमानपत्रातल्या जाहिरातीत फोन बुकिंगचा नंबर असतो, तोच वापरा. इंटरनेटवर शोधून सापडलेल्या नंबरचा मला वाईट अनुभव आला. एक प्रयोग ऐनवेळी रद्द झाला. ॲपवरून परतावा कधी येतो ते विचारायला मी शोधून मिळालेल्या 'कस्टमर केअर'ला फोन लावला. पलीकडचा म्हणाला, आलेली रिक्वेस्ट उघडा आणि पिन टाका, पैसे जमा होतील. पैसे यायला यूपीआय पिन लागत नाही, हे बायकोला ठाऊक होतं. तिने फोन हातातून काढून घेतला. परतावा सहा दिवसांनी आपोआप आला, सुविधा शुल्क तेवढं गेलं.

सांगली-मिरजेकरांनी गाडीचा हिशेब तिकिटाआधी करावा. सकाळच्या कोयनेने दुपारी पुण्यात उतरलो की संध्याकाळी साडेपाचचा प्रयोग निवांत मिळतो. मग जेवून, मध्यरात्रीनंतर येणाऱ्या महालक्ष्मी एक्स्प्रेसने पहाटे घरी. रात्री साडेनऊच्या प्रयोगाला ती गाडी हुकते आणि लॉजचा खर्च तिकिटाच्या वर जातो.

लोक विचारतात, 1843 साली विष्णुदास भाव्यांनी जिथे मराठी नाटक उभं केलं त्या गावातून नाटकाला पुण्याला कशाला जायचं? इथे दौरे येतात, पण प्रत्येक नाटक येईलच असं नाही, आणि आईच्या वयाला थांबणं परवडत नाही.

ते हुकलेलं नाटक मात्र गेल्या महिन्यात सांगलीतल्याच भावे नाट्यमंदिरात आलं. मी सकाळीच खिडकीवर जाऊन तीन तिकिटं काढली. आईला कडेची दिली. तिने आपलं तिकीट स्वतःच्या हातात धरलं आणि दारात स्वतःच दाखवलं.