लॅपटॉप स्वतः उघडला, वॉरंटी तरीही टिकली: चौदा महिन्यांच्या वापरानंतर

अमळनेरला माझं लग्नाचे अल्बम डिझाइन करायचं काम आहे. २०२३ च्या दिवाळीत लॅपटॉप घेतला. ८ जीबी रॅम (चालू काम धरून ठेवणारी मेमरी), ५१२ जीबी एसएसडी (फाइली साठवायची डिस्क) आणि घरी येऊन दुरुस्ती करून देणारी तीन वर्षांची वॉरंटी. पहिल्याच महिन्यात कळलं की ८ जीबीत आपलं भागणार नाही. १२ बाय ३६ इंचाचं पान ३०० डीपीआयला उघडायचं, त्यावर आठ-दहा फोटो टाकायचे, की मशीन जागेवर बसायचं. एका अल्बमला अशी चाळीस पानं.

विक्रेत्याला विचारलं, तर तो म्हणाला रॅम आमच्याकडूनच टाका, बाहेर उघडला तर वॉरंटी संपली. मागच्या एका स्क्रूवर त्याच्या दुकानाचं तारीख घातलेलं स्टिकर होतं, तेही बोट ठेवून दाखवलं. गल्लीतल्या एका मित्रानेही ऐकल्याबरोबर सांगून टाकलं, "गई भाऊ तुमनी वॉरंटी!" आपल्याकडे हे इतकं पक्कं बसलंय की कोणी वॉरंटीचा कागद उघडून बघतच नाही.

मी बघितला. दोन रात्री बसून वाचला. त्यात ‘उघडल्यास वॉरंटी रद्द’ असं कुठेच नव्हतं. होतं ते असं, की ग्राहकाच्या हातून झालेलं नुकसान, आणि कंपनीचा नसलेला भाग बसवल्यामुळे झालेला बिघाड, हे वॉरंटीत येत नाही. या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. नंतर कंपनीच्या साइटवरून माझ्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल उतरवून घेतलं. कोणता भाग ग्राहकाने बदलायचा आणि कोणता फक्त इंजिनिअरने, हे त्यात वेगवेगळं दिलेलं असतं. रॅम आणि एसएसडी ग्राहकाच्या यादीत होते. मदरबोर्ड (मुख्य बोर्ड), हीटसिंक (उष्णता बाहेर काढणारा धातूचा भाग), स्क्रीन नव्हते.

तरी मनात धाकधूक होतीच. हेल्पलाइनला फोन केला, तर पलीकडची मुलगी म्हणाली, "सर, उघडलं तर वॉरंटी जाते." मी म्हटलं, ताई, हेच ईमेलवर लिहून द्या. दोन दिवसांनी ईमेल आला तो वेगळाच: रॅम आणि स्टोरेज तुम्ही बदलू शकता, बसवताना काही मोडलं तर ते आमच्याकडे नाही, बाकीची वॉरंटी कायम. दुकानाच्या स्टिकरशी कंपनीचा संबंध नाही, हेही त्यात होतं. तो ईमेल मी छापून बिलाला टाचून ठेवला. पुढे त्यानेच मला वाचवलं.

संक्रांतीच्या आठवड्यात जळगावच्या गोलाणी मार्केटमधून १६ जीबी रॅम आणि १ टीबीची एसएसडी आणली, दोन्हींची पक्की बिलं घेतली. माझ्या मशीनमध्ये ८ जीबी बोर्डवरच पक्की बसवलेली आहे आणि एक रॅमचा खाचा (स्लॉट) रिकामा, एसएसडीचाही एक रिकामा. म्हणजे जुनं काही काढायचं नव्हतं.

उघडतानाचं एक काम मात्र प्रत्येकाने करावं असं मला मनापासून वाटतं. अल्बमच्या खोक्याचा पुठ्ठा घेतला, त्यावर लॅपटॉपच्या पाठीचं चित्र काढलं, आणि जो स्क्रू निघाला तो चित्रात त्याच जागी टोचून ठेवला. अकरा स्क्रू होते. मागचे लांब, पुढचे आखूड. लांब स्क्रू पुढच्या भोकात पिळला तर तो आतून बोर्डाला किंवा तळहात ठेवतो त्या भागाला भोक पाडू शकतो, आणि ते नुकसान खरोखरच आपल्या अंगावर येतं. झाकण स्क्रूड्रायव्हरने नाही, प्लास्टिकच्या जुन्या व्हिजिटिंग कार्डाने कडेकडेने सोडवलं. टक्‌ टक्‌ करत एकेक खटका सुटतो, घाई करायची नाही. आधी बॅटरीचं कनेक्टर काढलं. थंडीतल्या कोरड्या हवेत अंगावर स्थिर वीज साठते, म्हणून सतरंजीवर न बसता फरशीवर बसलो आणि रॅमला हात लावण्याआधी घरातल्या लोखंडी नळाला हात लावला. रॅम तिरपी घालायची आणि खाली दाबायची, दोन्ही बाजूच्या पट्ट्या आपोआप धरतात.

चालू केलं तर पडदा काळाच. रॅम बदलल्यावर पहिल्यांदा मशीन तिची चाचणी करून घेतं, हे वाचलं होतं म्हणून बटणाला हात लावला नाही. मिनिटभराने चालू झालं. २४ जीबी दिसली.

कामात पडलेला फरक थोडक्यात सांगतो: जो अल्बम चार दिवस खायचा तो अडीच दिवसांत होतो. दोन्ही वस्तूंचे मिळून साधारण आठ हजार गेले आणि ते एका लग्नसराईत वसूल झाले.

खरी परीक्षा झाली ती एप्रिलच्या शेवटी. आखाजी (अक्षय तृतीया) १० मेला, लग्नं अंगावर आलेली, बाहेर ऊन मरणाचं, आणि चार्जिंग बंद. दुसरा चार्जर लावून पाहिला, तेच. तक्रार नोंदवली. नोंदवताना रॅम आणि एसएसडी मी टाकली आहे हेही सांगितलं, लपवलं नाही.

जळगावहून इंजिनिअर आले. पाठ उघडली, माझी रॅम दिसली आणि म्हणाले, "साहेब, हे बाहेरचं टाकलंय, त्यामुळेच झालं. वॉरंटीत बसणार नाही." मी वाद घातला नाही. त्यांच्यासमोर दोन्ही वस्तू काढल्या, लॅपटॉप कंपनीतून आला तसा केला आणि चार्जर लावायला सांगितलं. चार्ज झाला नाहीच. मग म्हटलं, "दादा, माझ्या रॅममुळे चार्जिंगचं पोर्ट गेलं असं तुमचं म्हणणं असेल तर जॉबशीटवर तसं लिहा आणि सही करा." आणि तो टाचलेला ईमेल पुढे ठेवला. त्यांनी बाहेर जाऊन फोन लावला. दहा मिनिटांनी आले आणि बोर्ड बदलीची नोंद केली, कारण पोर्ट बोर्डवरच झाळलेलं असतं. त्या माणसाचा मला राग नाही. त्यांना वरून जे सांगितलं जातं तेच ते सांगतात.

नऊ दिवसांनी बोर्ड आला. एक पैसा लागला नाही, आणि माझी रॅम-एसएसडी त्यांनीच परत बसवून दिली. पण बोर्ड बदलल्यावर विंडोजने बिटलॉकरची, म्हणजे डिस्कला लागलेल्या कुलपाची, ४८ आकडी किल्ली मागितली. ती माझ्या मायक्रोसॉफ्ट खात्यात होती, मोबाइलवर उघडून टाकली. नसती तर तीन लग्नांचे फोटो कुलपात गेले असते. वॉरंटी मशीनची असते, डेटाची कोणीही देत नाही. तेव्हापासून रोज रात्री बाहेरच्या हार्ड डिस्कवर बॅकअप घेतो.

यूट्यूबवर बरेच जण छाती ठोकून सांगतात की ‘उघडल्यास वॉरंटी रद्द’वाले स्टिकर बेकायदेशीरच आहेत. ते अमेरिकेचं आहे. तिथे १९७५ चा मॅग्नसन-मॉस वॉरंटी कायदा आहे, आणि त्याच्या आधारावर तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१८ मध्ये सहा कंपन्यांना इशाऱ्याची पत्रं पाठवली होती. तो कायदा अमळनेरला चालत नाही. इथे आपल्या हातात वॉरंटीचा कागद आणि २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आहे. त्या कायद्यात एक फार कामाची सोय आहे: कंपनी बंगळूरची असो की दिल्लीची, तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते, आणि वस्तू पाच लाखांपर्यंतची असेल तर फी लागत नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. माझ्यावर ती वेळ आली नाही. केंद्र सरकारचं ‘राइट टू रिपेअर’ (दुरुस्तीचा हक्क) पोर्टल २०२२ च्या डिसेंबरात सुरू झालं, त्यावर ज्या कंपन्या आहेत त्यांची दुरुस्तीची आणि वॉरंटीची माहिती मिळते.

चौदा महिन्यांत मी पाठ अजून दोनदा उघडली, दोन्ही वेळा धूळ काढायला. आमच्याकडे उन्हाळ्यात वारं सुटलं की कपाटातल्या कपड्यांवरही धूळ बसते, मग पंख्याचं काय. फुंकणी मारताना पंख्याचं पातं काडीने अडवून धरतो, मोकळं फिरू देत नाही. हीटसिंकला आणि त्याखालच्या पेस्टला हात लावत नाही, कारण मॅन्युअलमध्ये ते इंजिनिअरचं काम आहे आणि तिथे काही बिघडलं तर माझ्याकडे दाखवायला कागद नाही.

गेल्या आठवड्यात तो गल्लीतला मित्रच त्याचा लॅपटॉप घेऊन आला, रॅम वाढवायला. आधी मॅन्युअल शोधलं. त्याची सगळी रॅम बोर्डवरच झाळलेली निघाली, खाचाच नाही. एकही स्क्रू न काढता मशीन परत दिलं, आणि नवा घेशील तेव्हा आधी माझ्याकडे ये, खाचा आहे का ते मिळून बघू, एवढं सांगितलं.