छोटा डेस्कटॉप ब्रँडेड घ्यावा की असेंबल्ड? आधी पंख्याचं विचारा

वॉरंटी संपली आणि थोड्याच दिवसांत माझ्या ब्रँडेड छोट्या डेस्कटॉपचा पंखा घरघरायला लागला. प्रोसेसर ठणठणीत, एसएसडी ठणठणीत, रॅमची कधी तक्रार नाही. गेलं ते फक्त पंख्याचं बेअरिंग. सर्व्हिस सेंटरला फोन केला तर उत्तर आलं, "मॅडम, या मॉडेलला पंखा सुटा येत नाही. हीटसिंकसकट असेंब्ली येते आणि ती मदरबोर्डबरोबरच मिळते." (हीटसिंक म्हणजे प्रोसेसरची उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा.) म्हणजे बोटभर जाडीच्या पंख्यासाठी चांगला चालणारा मदरबोर्ड काढून टाकायचा! वरिष्ठांशी बोलले, लेखी तक्रार केली, उत्तर तेच.

मग स्वतःच उघडून बघितलं. डेस्कटॉपच्या साध्या पंख्याला चार वायरी असतात: एक ग्राउंडची, एक १२ व्होल्टची, एक वेग कळवणारी आणि एक वेग ठरवणारी. याला पाच होत्या. पाचवी कशासाठी, तर आपल्याच कंपनीचा पंखा लागलाय हे बोर्डाला कळावं म्हणून. बाजारातला चांगला चार वायरींचा पंखा जोडला की तो फिरतो, हवा देतो, पण मशीन सुरू होताना 'पंखा बिघडला आहे' असा संदेश देऊन अडून बसतं आणि बटण दाबल्याशिवाय पुढे जात नाही. माझं मशीन रात्री बॅकअप घेतं. वीज जाऊन आली तर ते आपोआप सुरू व्हायलाच हवं. एसएमपीएस, म्हणजे आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा, तोही बघून घेतला, त्याचीही तीच तऱ्हा. आकार कंपनीचा, कनेक्टर कंपनीचा, नेहमीचा २४ पिनांचा जोड नाहीच. उद्या तो गेला तरी त्याच दारात उभं राहायचं.

याची चीड अजून गेलेली नाही. पंखा आणि एसएमपीएस हे झिजणारे भाग. तेच बदलता येऊ नयेत अशी रचना करणं म्हणजे ग्राहकाचा पैसा जाणूनबुजून वाया घालवणं.

म्हणून सुटे भाग घेऊन असेंबल्ड केला. मिनी-आयटीएक्स, म्हणजे १७० बाय १७० मिलिमीटरच्या ठरलेल्या मापाचा छोटा मदरबोर्ड. व्हिया या कंपनीने २००१ मध्ये आणलेला हा आकार, आणि स्क्रूच्या चार भोकांच्या जागा आजही त्याच आहेत. बोर्ड बदलला तरी कॅबिनेट राहतं, कॅबिनेट बदललं तरी बोर्ड राहतो. एसएमपीएस एसएफएक्स या ठरलेल्या छोट्या मापाचा, १२५ बाय १०० बाय ६३.५ मिलिमीटर. या मापाचे एसएमपीएस अनेक कंपन्या बनवतात. प्रोसेसर ६५ वॅटचा, ग्राफिक्स त्याच्यातच. प्रोसेसर थंड ठेवणारा कूलर नॉक्चुआ कंपनीचा एनएच-एल९ए, उंची फक्त ३७ मिलिमीटर. त्यावरचा ९२ मिलिमीटरचा पंखा चार स्क्रूंवर बसतो आणि, ज्यासाठी हा सगळा खटाटोप केला, तो सुटा विकत मिळतो.

जोडणी कठीण नाही, पण क्रम चुकवून चालत नाही. दुसरी एसएसडी माझ्या बोर्डाच्या पाठीमागे बसते. ती आधी लावली नाही तर नंतर अख्खा बोर्ड बाहेर काढावा लागतो. प्रोसेसरला वीज देणारी आठ पिनांची वायर अगदी कोपऱ्यात जाते, कूलर आणि एसएमपीएस बसल्यावर तिथे बोट पोचत नाही. २४ पिनांची वायर इतकी ताठ की ती वळवून झाकण बसवायलाच सगळ्यात जास्त वेळ गेला.

आता आवाज. जुन्या मशीनमध्ये ब्राउझरचा एक टॅब उघडला तरी पंखा झपकन चढायचा, दोन क्षणांत उतरायचा, परत चढायचा. सलग आवाजाची कानाला सवय होते, या चढउताराची होत नाही. त्याच्या बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, पंख्यासाठी काहीच पर्याय नव्हता. नव्या बोर्डात कुठल्या तापमानाला किती वेग हे ठरवता येतं, आणि तापमान बदलल्यावर किती सेकंद थांबून वेग बदलायचा हेही. ते थांबणं मी थोडं वाढवलं आणि चढउतार संपला. काम करताना मशीन चालू आहे हे विसरायला होतं. एवढ्यासाठी मी पुन्हा असेंबल्ड करेन.

इथपर्यंत लिहून ठेवलं होतं आणि 'ब्रँडेड छोटा डेस्कटॉप घेऊच नका' असा निष्कर्षही तयार होता. मधल्या काळात भावाला हिशेबाच्या कामासाठी मशीन हवं होतं. त्याला जोडाजोडीत रस नाही, जागाही कमी. त्याच्यासाठी मॉनिटरच्या मागे बसणारा, एक लिटर आकारमानाचा ब्रँडेड डेस्कटॉप-डबा घेतला, पण घेण्याआधी त्या मॉडेलचं मेंटेनन्स मॅन्युअल उतरवून वाचलं. त्यात पंख्याला स्वतंत्र पार्ट नंबर होता. एसएमपीएस आत नाहीच, लॅपटॉपसारखा बाहेरचा अ‍ॅडॅप्टर. तो गेला तर दहा मिनिटांत दुसरा लागतो. रॅमच्या दोन जागा, दोन्ही उघड्या. या डब्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही.

विजेच्या बाबतीत तर त्याने माझ्या मशीनला मागे टाकलं. नुसतं चालू ठेवून मीटर लावला: माझं २५ वॅट, त्याचं ८. माझ्यासारखं चोवीस तास चालू ठेवणाऱ्यासाठी हा फरक महिन्याला साधारण १२ युनिट होतो. शिवाय विंडोज त्याच्याबरोबर आलं, मला वेगळं घ्यावं लागलं. जुन्या मशीनबरोबर आलेलं विंडोज त्या मदरबोर्डशीच बांधलेलं होतं, ते इकडे आणता आलं नाही. असेंबल्ड स्वस्त पडतं असं सांगणारे हा खर्च हमखास विसरतात.

मग माझ्या मशीनने त्रास दिला. मोठी फाइल उघडली की मध्येच बंद. रॅम तपासणारा मेमटेस्ट हा प्रोग्राम लावून ठेवला, एका रॅमच्या पट्टीत चुका दिसल्या. ती काढून रॅमच्या कंपनीकडे पाठवली आणि तोवर दुसऱ्या पट्टीवर काम चालू ठेवलं. ग्राफिक्स मंदावलं, कारण दोनऐवजी एकाच पट्टीवर रॅमचा वेग घटतो आणि प्रोसेसरमधलं ग्राफिक्स रॅमच्याच वेगावर जगतं, पण काम एक दिवसही थांबलं नाही. बदली पट्टी आली, बसवली, संपलं. कोणी मदरबोर्ड बदला म्हटलं नाही. मात्र दोष नेमका कुठला भाग करतोय हे शोधायचं काम आपलंच असतं. ज्याला ते नको आहे त्याने ब्रँडेडच घ्यावा, आणि त्यात कमीपणा काही नाही.

त्यामुळे विचारणाऱ्यांना आता मी एवढंच सांगते. स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड लागणार असेल तर असेंबल्ड करा. फक्त कॅबिनेट घेताना कार्डाची लांबी-जाडी आणि कूलरची उंची मापून घ्या. ऑफिसचं काम, बिलं, व्हिडिओ पाहणं एवढंच असेल तर बाहेरच्या अ‍ॅडॅप्टरचा एक लिटरचा ब्रँडेड डबा उत्तम. मधला प्रकार, म्हणजे एसएमपीएस आत असलेला छोटा ब्रँडेड टॉवर, मॅन्युअल बघितल्याशिवाय घेऊ नका. मोठ्या कंपन्यांच्या ऑफिस मॉडेलची मॅन्युअल त्यांच्या साइटवर फुकट मिळतात. बदलता येणाऱ्या भागांच्या यादीत पंखा आणि एसएमपीएस वेगळे आहेत का ते बघा. यादीच सापडत नसेल तर ते मॉडेल सोडा. सुटे भाग किती वर्षं मिळतील हेही विक्रेत्याला विचारा. इंटेलसारख्या कंपनीनेसुद्धा २०२३ मध्ये आपले एनयूसी हे छोटे डेस्कटॉप बनवणं थांबवून ते काम आसुसकडे दिलं, मग बाकीच्यांचं काय धरून चालायचं?

जुन्या मशीनचा प्रोसेसर, रॅम आणि एसएसडी मी काढून ठेवलेत. त्या प्रोसेसरला चालणारा जुना मिनी-आयटीएक्स बोर्ड शोधते आहे. मिळाला तर आईसाठी त्यातूनच एक मशीन उभं राहील, साध्या चार वायरींच्या पंख्याचं.