लोकलसाठी इअरफोन: कोणते घ्यावेत?

बोरिवली ते चर्चगेट, जाऊन-येऊन दोन तास, आठवड्याचे सहा दिवस. ‘मामा, यासाठी कोणते इअरफोन घेऊ?’ असं भाच्याने विचारलं. त्याला बेस हवा होता, मी डेसिबलवर, म्हणजे आवाजाच्या मापावर घसरलो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास चालतात, ९० ला फक्त ४. म्हणजे मंगळवारी संध्याकाळी घरी पोचेपर्यंत आठवड्याचा कोटा खलास! १०० ला २० मिनिटं; स्लो गाडीने अंधेरीसुद्धा येत नाही.

टिप (कानात बसणारं मऊ टोक) नसलेले, कानाच्या तोंडाशी नुसते अडकणारे इअरबड्स हलके आणि स्वस्त, पण लोकलसाठी माझा साफ नकार. खडखडाट सरळ आत येतो आणि बोट आपसूक प्लसवर जातं. वांद्र्यानंतर खाडीच्या पुलावर वाढवलेला आवाज दादरला कमी करायचं कुणाच्या लक्षात राहतं? माझ्या तरी कधी राहिलं नाही.

सिलिकॉन टिपचे त्याहून बरेच बरे. खोक्यात दोन-तीन मापांच्या टिपा असतात. आपण आधीपासून लावलेली मधलीच वापरतो, ती सैल बसते, बेस गळतो, मग आवाज चढवतो. दहा मिनिटं खर्चून नीट बसणारी शोधा. बाहेरचा गोंगाट तिथेच बराच अडतो.

नॉइज कॅन्सलेशनवाले, म्हणजे बाहेरचा गोंगाट स्वतःच पुसणारे, महाग. पंख्याची, मोटरची सलग घरघर ते छान खातात. डब्यातल्या भजनी मंडळाचे टाळ नाही. परवडत असेल तर हेच घ्या, कारण निम्म्या आवाजातही गाणं स्वच्छ ऐकू येतं. फक्त फलाटावर उतरताना कानातून काढा. डोक्यावरचे मोठे हेडफोन घरी उत्तम, साडेआठच्या गर्दीत घामाने कान भिजतात.

भाच्याने टिपवाले ठरवले. मग हळूच म्हणाला, ‘रात्री कधीकधी कानात शिट्टी वाजते.’ हे आधी सांगायला नको? अशी शिट्टी मोठ्या आवाजाने कान दुखावल्याची खूण असू शकते. आतल्या कानातल्या, आवाज टिपणाऱ्या केसपेशी मेल्या की पुन्हा येत नाहीत, आणि बहुधा आधी बारीक, उंच पट्टीचे आवाज जातात, त्यामुळे बोलणं ऐकू येतंय तोवर पत्ताच लागत नाही. खरेदी थांबवली. शनिवारी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी करायची ठरली आहे.