अख्खं घर एका कुटुंबाला, की खोल्या पाच जणांना?

इंग्लंडमध्ये घर घेतलेला मित्र याच पेचात आहे. एजंट नुसता भाड्याचा आकडा नाचवतो. तो सोडून देऊ.

परवाना: कुटुंबाला दिलं, तर कौन्सिलने (तिथल्या नगरपालिकेने) तो भाग ‘सिलेक्टिव्ह लायसन्सिंग’खाली आणला असेल, म्हणजे तिथल्या भाड्याच्या घरांना परवाना सक्तीचा केला असेल, तरच लागतो. स्वयंपाकघर-बाथरूम सामायिक वापरणारे, एकमेकांचे कोणी नसलेले पाच जण ठेवले की एचएमओ (वेगवेगळ्या कुटुंबांतल्या लोकांनी मिळून राहायचं घर) परवाना सक्तीचा.

फी: ज्या त्या कौन्सिलची वेगळी. मुदत जास्तीत जास्त ५ वर्षं.

खरी मेख खोलीत आहे. एचएमओत एका प्रौढाच्या झोपायच्या खोलीला किमान ६.५१ चौरस मीटर हवेत. मित्राची जिन्यावरची खोली टेपने मोजली, ६.२ भरली! पाचवा भाडेकरू बाद. चौघांनाही काही कौन्सिलांत ‘ॲडिशनल’ (छोट्या एचएमओंसाठी कौन्सिलने लावलेला) परवाना लागतोच.

पुण्यात बसून घर सांभाळायचं असेल तर कुटुंबच बरं. जवळ राहून रोजची कटकट झेलणाऱ्यानेच खोल्यांच्या फंदात पडावं.