चिठ्ठ्या की गोल?

रासेयोच्या (कॉलेजातली राष्ट्रीय सेवा योजना) सात दिवसांच्या शिबिरातलं संध्याकाळचं एक सत्र भाचीकडे आलंय. ‘मला काय हवं’ आणि ‘आपल्याला काय हवं’ यावर मुलांना बोलतं करायचं. निनावी चिठ्ठ्या घेऊ की गोलात बसवू, असं तिनं विचारलं.

खर्च दोन्हीकडे किरकोळ. वेळेत मात्र फरक. चाळीस चिठ्ठ्या दहा मिनिटांत जमतात. गोलात प्रत्येकी दोन मिनिटं धरली तरी 80 मिनिटं जातात आणि शेवटच्यांच्या वेळी जेवणाची ताटं वाजायला लागतात.

खरेपणात चिठ्ठी सरस. गोलात पहिल्यानं ‘यूपीएससी’ म्हटलं की पुढचे पाचही तेच म्हणतात. चिठ्ठीवर मी ‘दार लावता येईल अशी खोली’ असंही वाचलंय, पेन्सिलीनं, बारीक अक्षरात. (अक्षर ओळखलं तरी तसं दाखवायचं नाही.) पण चिठ्ठ्यांची नुसती यादी होते. मुलींना संध्याकाळची उशिराची एसटी हवी, मुलांना मैदानावर दिवे. आधी काय मागायचं, हे समोरासमोर वाद घातल्याशिवाय ठरत नाही.

मुलं एकमेकांना नवखी असतील तर चिठ्ठ्या. ग्रामसभेत मांडायला एकच मागणी ठरवायची असेल तर गोल, तोही दहा-दहा जणांचा.